शिकार सोडणारा सम्राट : प्रियदर्शी अशोक आणि आपल्या दारातली मुकी जनावरे

भारताची राजमुद्रा आपण रोज पाहतो. नोटेवर, नाण्यावर, सरकारी कागदावर ती असते. सिंह सगळ्यांच्या लक्षात राहतात, चक्रही राहते. पण चक्राच्या एका बाजूला बैल आहे आणि दुसऱ्या बाजूला धावता घोडा आहे, हे विचारल्याशिवाय फारसे कुणाला आठवत नाही. सारनाथच्या मूळ स्तंभशीर्षावर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह असे चार प्राणी चार चक्रांच्या मध्ये कोरलेले आहेत. तो स्तंभ उभारला सम्राट अशोकांनी. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक भारताने ती मुद्रा आपली मानली.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तरुणांबरोबर काम करताना जनावरांचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते : इथे माणसालाच न्याय मिळत नाही, तिथे घोड्या-कुत्र्यांचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. ज्या समाजाला शतकानुशतके जनावरापेक्षा हीन वागवले गेले, त्या समाजाने तो विचारला तर त्यात काही चूक नाही. पण या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दिले गेले आहे, आणि ते दगडावर कोरून ठेवले आहे. त्यासाठी अशोकांचे चरित्र पुन्हा एकदा, जनावरांच्या बाजूने वाचायला हवे.

राजघराण्यातला राजपुत्र

अशोक हे मौर्य साम्राज्याचे संस्थापक चंद्रगुप्त यांचे नातू आणि बिंदुसार यांचे पुत्र. राज्यावर येण्यापूर्वी ते उज्जैनला राज्यपाल होते, असे सिंहली बौद्ध ग्रंथ सांगतात. विदिशेच्या देवीशी त्यांचा विवाह झाला आणि महेंद्र व संघमित्रा ही त्यांची मुले, ही माहितीही त्याच ग्रंथांतली. भावांना मारून ते गादीवर आले, त्यांना चंडाशोक म्हणत, अशा कथा नंतरच्या ग्रंथांत आहेत. त्यांतले खरे किती आणि रंगवलेले किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्यांचा राज्याभिषेक इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास झाला, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

त्या काळी घोडा म्हणजे सत्ता. चंद्रगुप्तांच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिस या ग्रीक वकिलाच्या वृत्तांतानुसार घोडा आणि हत्ती ही राजाची मालमत्ता होती, सामान्य माणसाला ती बाळगता येत नसे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घोड्यांच्या देखरेखीसाठी अश्वाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. घोड्याचा चारा, तबेला, औषधपाणी यांचा बारकाईने विचार तिथे आहे. पण ती काळजी सैन्याच्या साधनाची होती. घोडा लढाईला उपयोगी म्हणून तो जपायचा. राजे शिकारीला निघत तेव्हाही घोडे आणि हत्ती बरोबर असत. शिकार हा राजाचा छंद होता आणि आपल्या ताकदीचे प्रदर्शनही होते.

याच वातावरणात अशोक वाढले. दयेचे संस्कार त्यांना जन्मतः मिळाले होते असे दाखवण्याचा मोह चरित्रकारांना होतो. त्यांचे स्वतःचे लेख तसे काही सांगत नाहीत. आपण पूर्वी काय करत होतो, हे ते लपवत नाहीत.

कलिंगानंतर

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली तेव्हा अशोकांनी कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात त्यांनीच आकडे दिले आहेत : दीड लाख माणसे बंदी करून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट माणसे त्या युद्धापायी मेली. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाचा असा हिशेब मांडावा आणि त्याबद्दल दुःख व्यक्त करावे, असे उदाहरण जगाच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण.

पुढच्या काळात ते बौद्ध उपासक झाले. राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी ते संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा प्रवास फार महत्त्वाचा आहे. आठव्या शिलालेखात ते सांगतात की पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रांना निघत, त्यांत शिकार आणि तशाच करमणुकी असत. आपण त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. तीत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, वृद्धांना मदत, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणे आणि धम्माची चर्चा असते. आपल्याला यातच अधिक आनंद मिळतो, असेही त्यांनी नोंदवले आहे.

हा आठवा शिलालेख आपल्या महाराष्ट्रातही होता. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना नालासोपाऱ्याजवळच्या प्राचीन शूर्पारक बंदरात त्याचा तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये त्याच परिसरातल्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे आपल्या भूमीत अशोकांचे चौदा प्रमुख शिलालेख कोरले गेले असणार, पण काळाच्या तावडीतून वाचले ते हे दोन. एक शिकार सोडल्याचा. दुसरा लग्नकार्यांतल्या विधींबद्दलचा. त्या दुसऱ्याकडे पुढे येऊ.

सुरुवात स्वतःच्या मुदपाकखान्यातून

अशोकांच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. पहिल्या शिलालेखात यज्ञासाठी जीव मारण्यास मनाई आहे. ज्यांत त्यांना अनेक दोष दिसत होते त्या समाज नावाच्या जत्रा-मेळाव्यांनाही मनाई आहे. मात्र काही प्रकारचे मेळावे चांगले आहेत, हेही ते सांगतात. सरसकट सगळे बंद, असा त्यांचा सूर नव्हता.

त्याच लेखात ते स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेब देतात. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखोंनी प्राणी मारले जात. लेख लिहिला तेव्हा ती संख्या तीनवर आली होती : दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे वचन त्यांनी दिले. आपण पूर्ण शुद्ध झालो, असा दावा त्यांनी केला नाही. काम कुठपर्यंत आले आहे आणि किती बाकी आहे, हे प्रजेला सांगितले.

दुसऱ्या शिलालेखात सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्या राज्यात आणि चोल, पांड्य, ताम्रपर्णी, एवढेच नव्हे तर ग्रीक राजा अंतियोकाच्या प्रदेशातही आपण दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केली, असे ते सांगतात. एक माणसांची, दुसरी पशूंची. माणसांना आणि पशूंना उपयोगी औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या. रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली, तीही माणसे आणि पशू दोघांसाठी. आधी माणसांचे सगळे प्रश्न सुटू देत, मग जनावरांचे बघू, अशी रांग अशोकांनी लावली नाही. एकाच लेखात, एकाच खर्चात दोघांना बसवले. ज्या राज्याला तहानलेल्या बैलाची फिकीर असते, ते राज्य तहानलेल्या माणसाला विसरत नाही, हा त्यामागचा अनुभव असावा.

घोड्याच्या कातडीवरचा डाग

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेला पाचवा स्तंभलेख हा प्राणीरक्षणाचा तपशीलवार जाहीरनामाच आहे. पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव, खार, गेंडा, पांढरी आणि गावातली कबुतरे, अशी अवध्य प्राण्यांची यादी त्यात आहे. जे चतुष्पाद उपयोगाचेही नाहीत आणि खाण्याचेही नाहीत, त्यांनाही मारायचे नाही. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी आणि डुकरीण मारायची नाही, सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारायची नाहीत. जिवंत किडे असलेला भुसा जाळायचा नाही. विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी रान पेटवायचे नाही. एका जिवावर दुसरा जीव पोसायचा नाही.

त्याच लेखात आणखी एक नियम आहे. त्या काळी घोड्याला आणि बैलाला तापल्या लोखंडाने डागून मालकीची खूण करत. तिष्य आणि पुनर्वसू नक्षत्रांचे दिवस आणि चातुर्मासाच्या ठरावीक तिथी या काळात घोड्यांना आणि बैलांना डाग देऊ नये, असा आदेश अशोकांनी दिला. बैल, बोकड, मेंढे खच्ची करण्यावरही ठरावीक दिवशी बंदी घातली.

आज वाचताना वाटेल, वर्षातले काहीच दिवस का? कायमची बंदी का नाही? इथे अशोकांची व्यवहारदृष्टी दिसते. घोडा आणि बैल यांच्यावर शेती, व्यापार आणि सैन्य चालत होते. मालकीची खूण एका फर्मानाने बंद झाली नसती. पण काही दिवस हात थांबला की त्या हाताला प्रश्न पडतो. ज्याला आपण डागतो त्याला दुखते, ही गोष्ट वर्षातून काही दिवस प्रत्येक मालकाच्या लक्षात आणून देण्याची ती सोय होती.

कायदा किती आणि समजावणे किती, याचाही अनुभव त्यांनी सातव्या स्तंभलेखात मांडला आहे. धम्माची वाढ दोन मार्गांनी झाली, नियमांनी आणि मन वळवण्याने. त्यांत नियमांचा वाटा थोडा, मन वळवण्याचा मोठा. हे विधान त्यांनी प्राण्यांना न मारण्याच्या संदर्भातच केले आहे. हातात अमर्याद सत्ता असलेला सम्राट आयुष्याच्या उत्तरार्धात हे लिहितो, म्हणून त्याला वजन आहे.

अशोक निर्दोष नव्हते. कलिंगाबद्दल खंत व्यक्त करणाऱ्या त्याच लेखात वनवासी लोकांना त्यांनी सामर्थ्याची जाणीव करून देत इशाराही दिला आहे. देहदंडही त्यांनी पूर्णपणे रद्द केला नाही. आपण त्यांच्याकडून घ्यायचे ते त्यांचे प्रयत्न आणि त्या प्रयत्नांतला प्रामाणिकपणा.

सोपाऱ्याहून जुन्नरला

पाटलिपुत्रच्या तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर देशोदेशी धम्मप्रचारक गेले. महावंसानुसार महाराष्ट्रात महाधम्मरक्खित आणि अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, योनक धम्मरक्खित आले. सोपारा-कल्याण बंदरांतून माल घाटावर चढे तो नाणेघाटाने, आणि घाटमाथ्यावरचे पहिले मोठे शहर होते जुन्नर. त्या घाटातून पाठीवर ओझी घेतलेल्या जनावरांचे तांडे शतकानुशतके चढले. आपल्या तालुक्याची भरभराट त्यांच्या पाठीवरून आली.

अशोकांचे निधन इसवी सनापूर्वी २३२ च्या सुमारास झाले. त्यानंतर साधारण दोन शतकांनी नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरला गेला. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या हजारो गायी, घोडे, हत्तींच्या दक्षिणेची यादी आहे. सोपाऱ्याच्या दगडावर शिकार सोडल्याची नोंद आणि त्याच वाटेवर, नाणेघाटाच्या दगडावर घोड्याच्या बळीचा अभिमान. दोन विचार एकाच व्यापारी मार्गावर आमनेसामने उभे आहेत.

त्याच सुमारास आणि पुढच्या काळात जुन्नरभोवती लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आणि खोदकामे झाली. इथल्या शिलालेखांत राजांपेक्षा सामान्य उपासक आणि कारागीर-व्यापाऱ्यांच्या श्रेणी अधिक दिसतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. अशोकांनी राज्याच्या खजिन्यातून पाण्याची सोय केली, जुन्नरच्या लोकांनी ती स्वतःच्या कमाईतून केली. सार्वजनिक जबाबदारी राजाच्या हातून लोकांच्या हातात आली, त्याची ही नोंद आहे.

पुढे ब्राह्मी लिपीच विस्मरणात गेली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली आणि १९१५ मध्ये मास्कीच्या लेखात अशोक हे नाव स्पष्ट मिळाले. आज ज्यांना आपण सम्राट म्हणून मिरवतो ते शतकानुशतके आपल्या स्मरणातून गेले होते. म्हणून त्यांचे लेख नुसते जपायचे नाहीत, वाचायचेही.

वरातीतला घोडा

आता नवव्या शिलालेखाकडे. त्यात अशोक म्हणतात की आजारपणात, मुलांच्या लग्नांत, अपत्यजन्मावेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. ते करायला हरकत नाही, पण त्यांचे फळ अल्प आहे. खरे फळ देणारे मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, दान आणि जिवांबाबत संयम. लग्नकार्याविषयी बोलताना त्यांना नोकर आणि जनावर दोघे आठवतात.

आपल्याकडे लग्नाची वरात आणि जयंतीची मिरवणूक यांत घोडा असतो. हा विषय नाजूक आहे आणि तो नाजूकपणेच बोलला पाहिजे. देशाच्या अनेक भागांत आजही दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगडफेक होते, पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागते. ज्यांना घोड्यावर बसू दिले नाही त्यांनी घोड्यावर बसणे हा स्वाभिमान आहे. तो हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही आणि प्राणीप्रेमाच्या नावाखाली त्याला कुणी नाक मुरडू नये. पण हक्क मिळाला की लगामही आपल्या हाती येतो, आणि लगाम ज्याच्या हाती त्याची जबाबदारी. डीजेच्या भिंतीसमोर चार-चार तास उभा राहिलेला, फटाक्यांनी बिथरलेला, डांबरी रस्त्यावर नाचवलेला घोडा आपल्या स्वाभिमानात भर घालत नाही. घोडेवाला बहुधा आपल्याच इतका गरीब असतो. त्याला दोन पैसे जास्त द्या, वेळ कमी ठेवा, घोड्याला पाणी आणि सावली द्या, आवाजापासून दूर ठेवा, जखमी किंवा लंगडणारा घोडा परत पाठवा. आयोजकांनी एवढे ठरवले तरी नवव्या शिलालेखाचे पालन होईल.

जुन्नर-आंबेगावच्या घाटांतली बैलगाडा शर्यत हाही असाच विषय. आपल्या भागात बैलांच्या पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, २०१७ मध्ये महाराष्ट्राने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे आज शर्यत कायदेशीर आहे, पण अटींसह. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी घाटात प्रत्येक वेळी न्यायाधीश येणार नाही. तिथे गावातला तरुण हजर असतो. चाबूक, शॉक, टोचणी दिसली की गाडा बाद करा, असे म्हणणारे चार तरुण यात्रा कमिटीत असले तर ते अशोकांचे धम्ममहामात्रच समजा.

उसातला बिबट्या आणि दारातला कुत्रा

कुत्र्याचा प्रश्न आपल्या तालुक्यांत जिवावरचा आहे. उसाच्या पट्ट्यात बिबट्या कायमचा राहायला आला आहे. माणिकडोहच्या निवारा केंद्रातले पिंजरे त्याची साक्ष देतात. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के वाटा पाळीव आणि माणसाजवळच्या प्राण्यांचा आणि त्यात ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचा आढळला. वस्तीवर कुत्र्यांची संख्या वाढली, उघड्यावर कचरा आणि कोंबड्यांची घाण टाकली, की बिबट्याला घरापर्यंत आमंत्रण मिळते. मग पहिला बळी साखळीला बांधलेला कुत्रा असतो आणि कधी अंगणात खेळणारे मूल.

रात्री गोठ्याबाहेर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. राखण करायला ठेवलेले जनावर आपण बिबट्याचे भक्ष्य करतो. एका जिवावर दुसरा जीव पोसू नये, हा पाचव्या स्तंभलेखातला नियम इथे शब्दशः लागू पडतो. मेंढ्या घेऊन आपल्या शिवारात उतरणारे धनगर घोडा आणि कुत्रा दोघांनाही कुटुंबासारखे वागवतात. रात्री वाड्याजवळ माणसे जागी असतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

कुत्रा पाळायचा तर रेबीजची लस, नसबंदी आणि रात्रीचा बंदिस्त निवारा या तीन गोष्टी मालकाच्या. नको झालेली पिल्ले दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडून येणे हे पाळणे नव्हे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे, ग्रामपंचायतही त्यात येते. ग्रामसभेत पाण्याचा, रस्त्याचा, समाजमंदिराचा ठराव आपण मांडतो, तसाच हाही मांडला पाहिजे. कुत्रा चावल्यावर लस मिळाली नाही की हाल होतात ते मोठ्या गाड्या असणाऱ्यांचे नाही, वस्तीवरून चालत शाळेत जाणाऱ्या आपल्या पोरांचे. माणूस आणि पशू यांची चिकित्सा एकाच लेखात का होती, ते इथे कळते.

शिलालेख लेण्यात नाही, वागण्यात

लेणी संवर्धनासाठी आपले तरुण रविवारी डोंगर चढतात, पायऱ्यांवरचे गवत काढतात, टाक्यातला गाळ उपसतात. हे काम मोलाचे आहे. त्याच गटांनी वर्षातून एक दिवस गावात कुत्र्यांचे लसीकरण शिबिर घेतले, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावले, मार्च-एप्रिलच्या उन्हात वस्तीवर जनावरांसाठी पाण्याचे हौद भरले आणि जयंतीच्या मिरवणुकीसाठी घोड्याबाबत लेखी नियम केले, तर तेही लेणी संवर्धनच आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने पोढी खोदली ती कुणी सक्ती केली म्हणून नव्हे.

अशोकांनी सगळी हिंसा थांबवली नाही. ती त्यांच्या हातात नव्हती. पण शिकारीचा घोडा त्यांच्या हातात होता, मुदपाकखाना त्यांच्या हातात होता, रस्त्याकडेची विहीर त्यांच्या हातात होती. जे हातात होते तिथून त्यांनी सुरुवात केली आणि किती झाले, किती राहिले, ते सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लिहून ठेवले. आपल्या हातात लगाम आहे, साखळी आहे आणि ग्रामसभेतला हात वर करण्याचा अधिकार आहे. यंदाच्या जयंतीच्या नियोजनाच्या पहिल्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या.

नमो बुद्धाय, जय भीम.